कोयनेलच्या कुंपणातला रहिवासी

मागच्या ऑक्टोबरात आमच्या सोसायटीच्या सभेत कुंपणाचा विषय निघाला. दक्षिणेच्या भिंतीलगत कोयनेलची एक जुनी, छातीपर्यंत वाढलेली दाट रांग आहे. ती मुळासकट काढावी, तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि चार-पाच गाड्यांची सोय करावी, असा प्रस्ताव होता. त्या रांगेत पक्षी राहतात, आणि त्यातला एक तर हजारो किलोमीटर उडून दरवर्षी तिथे येतो, एवढेच मी म्हणाले. त्यावर एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, अतिशय सौम्यपणे म्हणाले, “अहो ताई, पाहुणे चार दिवस येतात आणि जातात. त्यांच्यासाठी कोणी घराची जागा अडवून ठेवतं का?” सभेने मान डोलावली आणि चर्चा पाण्याच्या टाकीकडे वळली. त्या बोलण्यात तुच्छता नव्हती, रागही नव्हता. व्यवहारी माणसाने व्यवहाराची गोष्ट सांगितली होती, आणि कदाचित त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून जाईना. घरी परतताना त्या रांगेपाशी मी थांबले तेव्हा अंधार पडत होता आणि आतून ओळखीचा आवाज येत होता.

टक्. मग थोडे थांबून पुन्हा, टक्.

हा आवाज महाराष्ट्रात ज्याने ऐकला नसेल असा माणूस मिळणे कठीण आहे, आणि तो कोणाचा हे सांगू शकणारा माणूस मिळणेही तितकेच कठीण आहे. सप्टेंबर उलटला की आमराईत, शेताच्या बांधावर, घाणेरीच्या जाळीत, करवंदीत, शेवग्यावर, बंगल्यांच्या आवारातल्या कण्हेरीत, पार रुग्णालयांच्या आणि शाळांच्या आवारातल्या धुळीने माखलेल्या झुडपांतूनही तो येत असतो. दोन गारगोट्या हलकेच एकमेकींवर आपटाव्यात तसा कोरडा आणि नेमका आवाज. पहाटे आणि संध्याकाळी तो वाढतो, दुपारी विरळ होतो. मधूनच कोणी फार जवळ गेले तर टकटक थांबून एक घसटती ‘त्रर्र’ उमटते आणि पानांच्या आत काहीतरी तपकिरी सरकते. पक्षीनिरीक्षक याला ब्लिथचा बोरू वटवट्या म्हणतात. बोरूच्या बेटांशी आणि पाणथळीशी त्याचा फारसा संबंध नाही. त्याला झुडूप हवे असते, दाट, गुंतागुंतीचे, आत शिरल्यावर बाहेरच्याला दिसू नये असे.

साताऱ्याकडच्या आमच्या गावी घराच्या मागे दगडी गडगा होता आणि त्यावर घाणेरी माजलेली होती. हुरड्याच्या दिवसांत आम्ही मुले तिथून शेताकडे जायचो आणि आतली टकटक ऐकून काठी खुपसायला बघायचो. आजी ओट्यावरून ओरडायची, “हात घालू नका रे आत, काय असेल सांगता येत नाही.” तिच्या मनात साप असायचा. आमच्या मनात मुंगूस, साळिंदर, कधी भूतसुद्धा. पक्षी कोणाच्याच मनात आला नाही, कारण पक्षी म्हणजे जो दिसतो, फांदीवर बसतो, उडतो. हा तर निव्वळ आवाज होता. आज मागे वळून बघताना असे वाटते की माझ्या लहानपणीच्या प्रत्येक हिवाळ्याला त्या आवाजाची किनार होती. तव्यावरच्या भाकरीचा वास, शेणाने सारवलेल्या अंगणाचा गारवा आणि गडग्यामागची ती टकटक हे सगळे मला एकत्रच आठवते. तो आवाज परका असल्याची शंका यावी असे त्यात काहीच नव्हते. तो गावचाच होता.

आता तो पक्षी कसा दिसतो ते सांगायला हवे, आणि इथे वर्णनाची पंचाईत होते. साडेबारा ते चौदा सेंटिमीटर लांबी, दहा-बारा ग्रॅमच्या आसपास वजन. पाठ ऑलिव्ह झाक असलेली तपकिरी, पोट मळकट पांढरे, कंठ जरा उजळ. डोळ्याच्या पुढच्या भागावर एक आखूड फिकट रेघ, अर्धीच काढून सोडून दिलेल्या भुवईसारखी. चोच लांबट, कपाळ उतरते, पंख आखूड आणि गोलसर. ठिपका नाही, पट्टा नाही, तुरा नाही. नर आणि मादी सारखेच. याच्या जवळपासचे दिसणारे आणखी काही वटवटे हिवाळ्यात आपल्याकडे असतात, त्यामुळे जाणकारसुद्धा पंखाच्या लांबीवरून, शेपटीच्या टोकावरून आणि शेवटी आवाजावरूनच खात्री करून घेतात. त्यातल्या एकाला कर्नल साइक्स यांचे नाव आहे. याच साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली होती. रंगांच्या बाबतीत निसर्गाने या कुळाला काही दिले नाही असे म्हणावेसे वाटते, पण कोवळ्या उन्हात तो क्षणभर फांदीच्या टोकाशी येतो, अंगाला किंचित बाक देऊन चोच आणि शेपटी दोन्ही वर उचलतो, आणि त्या वेळी पाठीवरचा तपकिरी रंग किती प्रकारचा असू शकतो ते दिसते. मला तो पक्षी सुंदर वाटतो. हे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते आहे.

त्याला पाहायचे असेल तर त्याच्यामागे जाऊन उपयोग नसतो. कुंपणापासून थोडे दूर स्वस्थ बसावे लागते. मग पाने हलू लागतात. एका बाजूने आत शिरलेला पक्षी खालच्या अंधाऱ्या काटक्यांतून पुढे सरकत राहतो, पानांच्या खालच्या बाजूला मान वाकडी करून पाहतो, एखादा सुरवंट किंवा कोळी टिपतो, मुंगीच्या रांगेशी थबकतो, पुन्हा सरकतो. हे काम दिवसभर चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा फुलला की तोच पक्षी झुडूप सोडून उंच चढलेला मी पाहिला आहे, आणि फुलांत डोके घालून बाहेर आल्यावर त्याच्या कपाळाला परागकण चिकटलेले असतात. एका कोयनेलच्या रांगेत साधारणपणे एकच असतो. दुसरा आला तर टकटकीचा वेग वाढतो, पाठलाग होतो आणि एकाला निघावे लागते. म्हणजे मला लहानपणी जो निरुद्देश वाटायचा तो आवाज मुळात हद्दीची घोषणा आहे. हा तुकडा माझा आहे, इथले किडे माझे आहेत, एवढेच तो सकाळ-संध्याकाळ सांगत असतो. पाहुणा असे सांगत नाही.

त्याचे वर्ष मांडून बघितले तर चित्र आणखी स्पष्ट होते. ऑगस्टच्या अखेरीपासून तो वायव्येकडून भारतात उतरू लागतो आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रभर पसरतो. काही त्याहून खाली केरळपर्यंत आणि श्रीलंकेपर्यंत जातात. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक इथेच असतात, थोडे मेच्या सुरुवातीलाही दिसतात. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला ते फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया, रशिया, उरल पर्वताचा प्रदेश, पश्चिम सायबेरिया आणि कझाकस्तान इथल्या विणीच्या जागी पोहोचतात. तिथे जोड्या जमतात, उंच वाढलेल्या, अंगाला खाज आणणाऱ्या नेटलसारख्या दाट रोपांत वाटीच्या आकाराचे घरटे होते, चार ते सहा अंडी घातली जातात, सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी तितक्याच दिवसांत घरटे सोडतात. जुलै सरता सरता मोठे पक्षी परतीच्या वाटेला लागलेलेही असतात. म्हणजे तिथे दोन-अडीच महिने, वाटेत काही आठवडे, आणि उरलेले सात-आठ महिने इथे. आपल्याकडे मुलगी बाळंतपणासाठी माहेरी जाते, काही महिन्यांनी बाळाला घेऊन परत येते. ती माहेरी राहते आणि सासरी पाहुणी म्हणून येते, असे कोणी म्हणत नाही. या पक्ष्याबाबत मात्र आपण नेमके तसेच म्हणतो, केवळ घरटे तिकडे आहे म्हणून.

घरट्याला आपण एवढे महत्त्व का देतो, याचा मी बराच विचार केला. पक्ष्यांच्या पुस्तकांत एखाद्या जातीचा देश ठरतो तो ती जिथे अंडी घालते त्यावरून, आणि बाकीचे आयुष्य ‘हिवाळी मुक्काम’ या एका शब्दात उरकले जाते. पण मुक्कामात काय घडते? या वटवट्याच्या बाबतीत घडणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पिसे बदलणे. उडणाऱ्या पक्ष्याची पिसे झिजतात. ऊन, धूळ, काटे आणि लांबचा प्रवास यांनी त्यांच्या कडा फाटतात, आणि एकदा वाढलेले पीस दुरुस्त होत नाही, ते गळून नवेच यावे लागते. पूर्ण वाढलेला ब्लिथचा वटवट्या आपल्या अंगावरची सगळी पिसे, पंखांची आणि शेपटीचीसुद्धा, विणीच्या प्रदेशात नव्हे तर इकडे आल्यावर बदलतो. पीस प्रथिनांचे बनते आणि ती प्रथिने तो जे खातो त्यातून येतात. याचा अर्थ असा की जूनमध्ये फिनलंडच्या एखाद्या बर्चच्या रानाकडेला जो पक्षी उतरतो, त्याला तिथवर घेऊन गेलेले पंख इथे वाढलेले असतात, इथल्या सुरवंटांवर, कोळ्यांवर, मुंग्यांवर. आमच्या दक्षिणेच्या भिंतीलगतच्या कोयनेलमधले किडे या ना त्या रूपाने उत्तरेच्या आकाशात उडत असतात. हे मला प्रथम समजले तेव्हा मी बराच वेळ खिडकीशी उभी होते.

विज्ञानालाही हा पक्षी प्रथम माहीत झाला तो इथेच. एडवर्ड ब्लिथ 1841 मध्ये कलकत्त्याला आले ते एशियाटिक सोसायटीच्या वस्तुसंग्रहालयाचे अभिरक्षक म्हणून, आणि 1862 पर्यंत त्यांनी ते काम केले. पगार तुटपुंजा होता, प्रकृती साथ देत नव्हती, पण देशभरातून येणारे पक्ष्यांचे नमुने ते तपासत, मोजत आणि त्यांची वर्णने लिहीत राहिले. 1849 मध्ये त्यांनी या तपकिरी, निनावी पक्ष्याचे वर्णन केले आणि त्याला जे लॅटिन नाव दिले त्यात झुडपांचा उल्लेख आहे. युरोपात हा पक्षी अंडी घालत होता, रात्र रात्र गात होता, आणि तरीही जगाच्या नोंदवहीत तो शिरला तो बंगालमधल्या झुडपातला पक्षी म्हणून. ब्लिथ यांच्याविषयी मला नेहमीच आपुलकी वाटत आली आहे. ज्याच्याकडे कोणीही दुसऱ्यांदा बघणार नाही अशा पक्ष्याकडे त्यांनी बघितले आणि इतरांपासून तो वेगळा आहे हे ओळखले.

पण एक गोष्ट माझ्या या सगळ्या युक्तिवादाच्या आड येते, आणि ती मला टाळायची नाही. तो गातो तिकडे. खुल्या ध्वनिसंग्रहांवर फिनलंडमध्ये आणि रशियात केलेली याची ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात. मी ती रात्री, सगळे झोपल्यावर ऐकते, कारण तो पक्षीही तिकडे प्रामुख्याने रात्रीच गातो. उत्तरेकडच्या त्या उजळ, न संपणाऱ्या संध्याकाळीत नर झुडपाच्या वरच्या फांदीवर येतो आणि एक लकेर घेतो. ती तो पुन्हा घेतो, पुन्हा घेतो, पाच-सहा वेळा घोळवतो, मग तिला सोडून दुसरी धरतो. लकेरींमध्ये टकटक पेरलेली असते, आपल्या ओळखीची तीच टकटक, पण इथे ती तालासारखी येते. त्यातच तो आजूबाजूच्या इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या हुबेहूब नकला मिसळतो. घाई नाही, आवाज चढवणे नाही. विलंबित लयीत आलापी करणाऱ्या गवयाला जी निवांत खात्री असते ती त्याच्या गाण्यात आहे. हे ऐकताना मला आनंद होतो आणि त्याच वेळी थोडे वाईटही वाटते. सात-आठ महिने शेजारी राहून त्याने आपल्याला दिली ती एका अक्षराची टकटक, आणि सर्वस्व ओतून गायला तो गेला ते तिकडच्या काही आठवड्यांसाठी. मग त्याचे मन कुठे आहे, हा प्रश्न पडतोच.

याचे उत्तर मी भावनेने देऊ नये असे मला वाटते. गाणे जोडीदारासाठी आहे, टकटक पोटासाठी आहे, आणि दोन्हींतली एक जरी गोष्ट नसली तर तो पक्षी उरत नाही. उत्तरेचे लांबच लांब दिवस आणि उन्हाळ्यात तिथे उसळणारे कीटक पिल्ले वाढवायला हवेत म्हणून तो जातो. तिथला हिवाळा कीटक शिल्लक ठेवत नाही म्हणून तो येतो. यातल्या कुठल्या एका जागेला घर म्हणायचे आणि दुसरीला धर्मशाळा, हा आपला हिशेब आहे. त्याच्या शरीराला दोन्ही जागा सारख्याच गरजेच्या आहेत, आणि वर्षाचा मोठा वाटा, थंडी, भूक, पिसे, पुढच्या प्रवासासाठी साठवायची चरबी, हे सगळे इकडच्या पदरात आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत वळी घालण्याचे मोठे काम सलीम अली यांच्या पुढाकाराने 1960च्या आसपास हाती घेतले. पक्ष्यांच्या हालचालींचा रोगांच्या प्रसाराशी संबंध आहे का, हे जागतिक आरोग्य संघटनेला जाणून घ्यायचे होते आणि त्यातून निधी उभा राहिला. हजारो किलोमीटरवर सापडलेल्या पक्ष्याच्या पायातल्या त्या इवल्याशा धातूच्या पट्टीवर ‘बॉम्बे’ला कळवा अशी सूचना कोरलेली असे. वळी घालण्याच्या अशा कामांतून जगभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली. छोटे स्थलांतरित पक्षी केवळ त्याच देशात किंवा त्याच जिल्ह्यात नव्हे, तर कित्येकदा मागच्या हिवाळ्यातल्या त्याच झाडोऱ्यात परत येतात. एखादी बाग, एखादा बांध त्यांना नेमका ठाऊक असतो. तो बांध मधल्या काळात सपाट झाला असेल तर सहा हजार किलोमीटर उडून आलेल्या, चरबी संपलेल्या, पिसे झिजलेल्या त्या जिवाला नवी जागा शोधावी लागते, आणि चांगल्या जागांवर आधीच कोणीतरी टकटक करत असते.

हा पक्षी दुर्मिळ नाही. जागतिक पातळीवर त्याच्या अस्तित्वाची चिंता करण्याचे कारण नाही असे वर्गीकरण सांगते, आणि मला त्याचा दिलासा वाटतो. पण दुर्मिळ नसल्यामुळेच त्याच्या बाजूने बोलायला कोणी नसते. माळढोकासाठी अभयारण्य होते, रोहितांसाठी खाडीकाठी गर्दी होते आणि ती व्हायलाच हवी. कोयनेलच्या, घाणेरीच्या, करवंदीच्या रांगांसाठी नकाशात कुठे जागा नसते. बांध जेसीबीने एका सकाळी जातो. सोसायटीच्या कुंपणाच्या जागी जाळी येते, जाळीच्या पायथ्याशी शोभेची चार रोपे ओळीने येतात आणि त्यांवर दर पंधरवड्याला औषध फवारले जाते. सगळे स्वच्छ दिसते. किडा नसलेल्या त्या हिरवळीत वटवट्याला खायला काही नसते.

सभेनंतर मी कार्यकारिणीला अर्ज लिहायला बसले. कुंपण ठेवावे, आणि छाटायचेच असेल तर हा पक्षी गेल्यावर, मेच्या मध्यानंतर छाटावे, असे लिहायचे मनात होते. लिहिता लिहिता लक्षात आले की मे-जूनमध्ये त्याच कोयनेलमध्ये शिंपी पक्षी पाने शिवत असतो. त्याच्या शेजारी बुलबुलाचे वाटीसारखे घरटे असते, आणि पावसाळाभर एकामागून एक पिल्लांची खेप बाहेर पडत राहते. ती संपते न संपते तोच सप्टेंबर येतो. कुंपण रिकामे असते असा एकही महिना नाही. तेव्हा मी तारीख खोडली आणि एवढेच लिहिले की ही रांग एकाच वेळी सगळी कापू नये, एका वर्षी थोडा भाग, पुढच्या वर्षी दुसरा, आणि तोही आधी आत घरटे नाही ना हे बघून. गाड्यांसाठी उत्तरेच्या बाजूला जागा निघू शकते, त्याचे मोजमापही सोबत जोडले. अर्ज विचाराधीन आहे.

एप्रिलच्या उत्तरार्धात त्या रांगेत एक बदल होतो. पक्षी गोलसर दिसू लागतो, कारण प्रवासाची चरबी कातडीखाली साठलेली असते. तो जास्त वेळ खातो आणि कमी भांडतो. आणि कधीतरी भल्या सकाळी, ऊन तापायच्या आत, टकटकीच्या मधोमध एक पुसट लकेर ऐकू येते, मग तीच पुन्हा, अर्धी. घसा साफ केल्यासारखी, पण स्पष्टपणे तीच, जी ध्वनिमुद्रणांत ऐकलेली असते. थोडक्यात, त्याचे गाणे सुरू होते ते इथेच. मग एका रात्री तो निघतो. हे पक्षी रात्रीच प्रवास करतात, ताऱ्यांच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधाराने दिशा राखतात आणि दिवसा कुठल्यातरी झुडपात उतरून पोट भरतात. सकाळी कुंपणात फक्त शिंपी असतो.

परतीच्या प्रवासात मोठे पक्षी आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्ले मागून, आईबापांच्या सोबतीशिवाय. जूनच्या शेवटी रशियातल्या एखाद्या नदीकाठी अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू ऑगस्टमध्ये स्वतःच्या बळावर दक्षिणेकडे वळते, कझाकस्तानची गवताळ मैदाने आणि अफगाणिस्तानचे डोंगर ओलांडते आणि सप्टेंबरमध्ये, जेमतेम तीन महिन्यांचे असताना, सह्याद्रीच्या पायथ्याशी कुठेतरी पहाटेच्या सुमारास खाली उतरते. ती जागा त्याला कोणी दाखवलेली नसते. पहिले दाट झुडूप दिसेल त्यात ते शिरते, खाऊ लागते आणि उजाडायच्या आत टकटक सुरू करते.